लेकीचे सपाट पाय आणि घरातला व्यायाम

लेक दुसरीत गेली त्या पावसाळ्यात तिच्या पायांचा विषय आमच्या घरात सुरू झाला. संध्याकाळी खेळून आली की पोटऱ्या दुखतात म्हणायची आणि अंथरुणावर पडली की "आई, पाय चेप ना" हे ठरलेलं. वाढत्या वयात पाय दुखतातच, असं सगळेच म्हणत होते. मग एकदा शाळेचे बूट पुसायला घेतले तर दोन्ही टाचा आतल्या बाजूने पार झिजलेल्या आणि बाहेरची कड जवळजवळ नवी. सासूबाईंनी तिला पाठमोरी चालताना नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हिचे घोटे आत पडतात गं. पाय फताडे आहेत, आजोबांच्या वळणावर गेलेत."

त्यानंतर सल्ल्यांना तोटा नव्हता. मुंबईच्या नणंदेने कळवलं की तिकडे पायाचा साचा घेऊन खास बूट करून मिळतात. शेजारच्या काकांचा पुतण्या भरतीची तयारी करतो, त्यामुळे त्यांना वेगळीच काळजी: सपाट पाय म्हणजे पुढे पोलीस नाही, सैन्य नाही. कुणी म्हणालं ऑपरेशन लागतं, कुणी म्हणालं काहीच करू नका. सात वर्षांच्या पोरीसमोर हे सगळं बोललं जात होतं, आणि ती हळूहळू खुर्चीवर पाय वर घेऊन, फ्रॉकखाली झाकून बसायला लागली. तळवे कुणाला दिसू नयेत म्हणून. ते मला बघवेना. म्हटलं, आता एकदाच माणसाला विचारू ज्याला यातलं कळतं, आणि मग तो सांगेल तेवढंच करू.

आम्ही रत्नागिरीतल्याच हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पायाला हात लावण्याआधी तिला दारापर्यंत चालत जायला आणि पळत यायला सांगितलं. मग तिला पाठमोरी उभी केली, चवड्यांवर उभं राहायला लावलं आणि मला म्हणाले, "खाली वाकून बघा." तिने टाचा उचलल्या तशी इतका वेळ फरशीला टेकलेली आतली कड वर गेली, चांगली खोल कमान दिसायला लागली, आणि बाहेर कललेल्या टाचा आत वळल्या. खाली आली की पुन्हा सपाट. मग तिला उभी ठेवूनच त्यांनी नुसता पायाचा अंगठा हाताने वर उचलला; तेव्हाही कमान वर आली. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड, चिवट पडदा असतो. अंगठा वर गेला की तो ताणला जातो आणि कमानीला उचलून धरतो. "पाय लवचीक आहे, हाडं जखडलेली नाहीत. एक्स-रे नको," असं म्हणून त्यांनी तिला टेबलावर झोपवलं.

खरी गोष्ट तिथे कळली. गुडघा सरळ ठेवून त्यांनी तिचं पाऊल नडगीकडे दाबलं, तर ते काटकोनापर्यंतच आलं, पुढे जाईना. गुडघा वाकवल्यावर थोडं पुढे गेलं. मग खाली उतरवून "उकिडवी बस बघू" म्हणाले. टाचा टेकवून बसायला गेली की ती मागे पडायची, टाचा उचलल्या तरच बसता यायचं. दुसरीकडे हाताचे सांधे मात्र फारच सैल: अंगठा मनगटाकडे वाकवला की थेट हाताला टेकायचा, कोपर उलट्या बाजूला जायचं. म्हणजे अंगाचे सांधे सैल आणि पोटरी तेवढी आखडलेली.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं. चालताना मागचा पाय उचलण्याआधी घोट्यातून पाऊल वर वाकावं लागतं. पोटरी आणि टाचेची शीर आखडलेली असली की घोटा तेवढा वाकत नाही. मग शरीर ती उणीव पावलाच्या मध्यातून भरून काढतं. सैल सांध्यांचं पाऊल मधेच मोडतं, कमान खाली बसते, घोटा आत पडतो. तळव्याचे बारीक स्नायू आणि नडगीमागून घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्यात येणारा एक महत्त्वाचा स्नायू दिवसभर ते सावरत बसतात आणि संध्याकाळी थकून दुखतात. "तुमची मुलगी दुखतंय म्हणते ते खरं आहे. पण ते कमान नाही म्हणून दुखत नाही," डॉक्टर म्हणाले, "पोटरी आखडलीय आणि पाऊल लवकर थकतंय म्हणून दुखतंय. त्याला व्यायाम आहे."

कमानीबद्दल त्यांनी मला जे सांगितलं आणि नंतर मी स्वतः वाचलं, त्याने माझी निम्मी काळजी गेली. प्रत्येक मूल सपाट पायांनीच जन्माला येतं. तळव्यात चरबीची गादी असते, सांधे सैल असतात. कमान पहिल्या आठ-दहा वर्षांत हळूहळू आकार घेते. ऑस्ट्रियात तीन ते सहा वर्षांच्या ८३५ मुलांची पाहणी झाली होती, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात तीन वर्षांच्या मुलांपैकी ५४ टक्क्यांचे पाय सपाट होते आणि सहा वर्षांच्यांपैकी २४ टक्क्यांचे. खरोखर आजार म्हणावा असे सपाट पाय एक टक्क्याहूनही कमी निघाले. सपाट पाय असलेली कितीतरी माणसं आयुष्यभर काहीही त्रास न होता चालतात, धावतात. आमच्या सासऱ्यांनी याच पायांनी उभी हयात आंब्याच्या बागेत काढली.

काळजी कधी करायची तेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. चवड्यावर उभं राहिल्यावरही कमान येत नसेल, पाऊल बाजूला वळवताना ताठ लागत असेल, एकच पाय सपाट असेल, मूल लंगडत असेल, किंवा आधी बरा असलेला पाय आठ-दहा वर्षांनंतर सपाट होत जाऊन दुखू लागला असेल, तर तपासणी नीट करून घ्यायची. पावलातली दोन हाडं जन्मतःच एकमेकांना जोडलेली असू शकतात आणि ते या वयात जाणवायला लागतं. त्या पायाला घरगुती व्यायाम करवत बसणं योग्य नाही. म्हणून मला कुणी विचारलं की मी आधी हेच म्हणते, मुलाला चवड्यांवर उभं करा आणि मागून बघा, मग पुढचं बोलू.

शेजारच्या काकांसाठी भरतीचाही प्रश्न विचारून घेतला. सैन्याच्या वैद्यकीय निकषांतही सरसकट सपाट पाय म्हणून बाद करा असं नाही. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल, उमेदवार चवड्यांवर उड्या मारू शकत असेल, नीट धावू शकत असेल, पाय लवचीक आणि न दुखणारा असेल, तर तो चालतो. म्हणजे तिथेही पायाचा आकार कमी आणि पाय काय करू शकतो ते जास्त बघतात. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी पुतण्यालाही आमच्या अंगणात आणून चवड्यांवर उभं करून बघितलं.

खास बूट आणि बुटात घालायच्या कमानीच्या गाद्या यांवर आमच्या घरात बरीच चर्चा झाली, कारण नणंदेला मनापासून वाटत होतं आणि ती पैसेही द्यायला तयार होती. याबाबत १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक अभ्यास आहे. लवचीक सपाट पायाच्या १२९ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट केले. एका गटाला काहीच दिलं नाही, दुसऱ्याला खास बूट, तिसऱ्याला टाचेची वाटी, चौथ्याला साचा घेऊन बनवलेली गादी. तीन वर्षं सांभाळून हे वापरायला लावलं. शेवटी क्ष-किरण तपासणीत सगळ्याच गटांचे पाय सुधारले होते, काहीच न दिलेल्यांचेही, आणि गटागटांत फरक नव्हता. चालताना फार दुखत असेल तर दुखणं कमी व्हायला साधी गादी वापरता येते, असं आमचे डॉक्टर म्हणाले, पण तिने कमान घडत नाही. नणंदेला मी हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. तिच्या पैशांतून आम्ही नीट मापाचे, टाचेला घट्ट आणि बोटांना ऐसपैस असे साधे बूट घेतले.

आणि घरात अनवाणी. यामागेही आधार आहे, तोही आपल्याच किनाऱ्यावरचा. कर्नाटकात मणिपालच्या डॉ. राव आणि डॉ. जोसेफ यांनी चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले होते. १९९२ मध्ये त्यांनी मांडलं की पादत्राणं घालणाऱ्या मुलांमध्ये सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के होतं आणि अनवाणी फिरणाऱ्यांमध्ये २.८ टक्के. चपला-सँडलपेक्षा पुढून बंद बुटांचा परिणाम जास्त दिसला. सांधे सैल असलेल्या मुलांत हा फरक आणखी ठळक होता, आणि माझी लेक त्यातलीच. शाळेत बूट सक्तीचे आहेत, ते राहणारच. पण घरी आल्यावर तिने बूट-मोजे काढून ठेवायचे आणि पाय मोकळे सोडायचे, एवढं आमच्या हातात होतं. फक्त पावसाळ्यात अंगणाच्या पलीकडे चप्पल हवीच. आमच्याकडे चिखलपाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो, पायाला बारीक जखम असली तरी पुरे. कमानीच्या नादात मुलांना साचलेल्या पाण्यात अनवाणी सोडू नका.

आता व्यायामाकडे येते. डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं. तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट केली ती मला फार आवडली. पावलाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे आणि खाली एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्यावर त्यांनी पेनाने ठिपका काढला. लेकीला खुर्चीत बसवून पाय नुसता जमिनीवर टेकवला, पावलाशेजारी एक व्हिजिटिंग कार्ड उभं धरलं आणि ठिपक्याच्या उंचीवर कार्डावर रेघ मारली. मग तिला उभी केली. सगळं वजन आल्यावर ठिपका खाली सरकला, तिथे दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे वजन आल्यावर कमान किती बसते त्याचं माप. कार्डावर तारीख घालून त्यांनी ते फायलीत ठेवलं. लेकीला ते इतकं पटलं की पाय झाकून बसणारी पोरगी "माझा ठिपका किती खाली येतो बघ" म्हणून बाबांना पाय दाखवायला लागली. मॅडमनी तिच्यासमोर एकदाही "वाईट", "वाकडे" असे शब्द वापरले नाहीत.

सगळ्यात आधी पोटरीचा ताण. भिंतीला हात टेकून एक पाय पुढे, एक मागे, मागची टाच जमिनीला. हे सगळ्यांना माहीत असतं, पण सपाट पायाच्या मुलांत इथेच गडबड होते. मूल मागचं पाऊल बाहेर वळवतं, कमान खाली पाडतं आणि पावलाच्या मध्यातूनच वाकतं. बघणाऱ्याला वाटतं ताण बसतोय, प्रत्यक्षात पोटरीला काहीच पोचत नाही. मॅडमनी रुमालाची घट्ट घडी करून तिच्या मागच्या पावलाच्या आतल्या कडेखाली ठेवली आणि बोटं भिंतीकडे सरळ करायला लावली. लगेच ती ओरडली, "आता पोटरी ओढते!" तेच हवं होतं. तीस सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा, गुडघा सरळ ठेवून; मग तेवढंच गुडघा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन थर आहेत आणि आतला थर गुडघा वाकवल्यावरच नीट ताणला जातो. झटके द्यायचे नाहीत, दुखेपर्यंत ओढायचं नाही. तीस सेकंद सात वर्षांच्या मुलाला फार मोठे वाटतात. आम्ही पाढ्यांवर आणलं, एका पायाला सातचा, दुसऱ्याला आठचा, सावकाश.

दुसरा व्यायाम सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. पाऊल जमिनीवर तिवईसारखं तीन ठिकाणी टेकलेलं हवं: टाच, अंगठ्याच्या मुळाचा गोळा आणि करंगळीच्या मुळाचा गोळा. हे तिन्ही जमिनीवरून न उचलता अंगठ्याच्या मुळाचा गोळा टाचेकडे ओढायचा, म्हणजे पाऊल किंचित आखूड होतं आणि मधली कमान वर येते. बोटं मुडपायची नाहीत. सांगायला सोपं, पण आधी काही केल्या जमेना. ती बोटं आवळायची, नाहीतर अख्खं पाऊल बाहेरच्या कडेवर कलंडवायची. मी स्वतः करून बघितलं तर मलाही धड येईना, आणि माझे पाय सपाट नाहीत. मॅडमनी युक्ती दिली. तिच्या कमानीखाली मी माझं बोट सरकवायचं आणि तिने बोटावरचं वजन काढून घ्यायचं. आधी मी हाताने कमान उचलून धरायची आणि तिने ती तशीच पाच सेकंद राखायची. मग हळूहळू माझा हात काढायचा. रोज रात्री गोष्ट ऐकताना खुर्चीत बसून आम्ही हे केलं. एका संध्याकाळी माझं बोट तळव्याखाली असताना त्याच्यावरचा भार अलगद हलका झाला. बोटं सैल, टाच जागेवर, अंगठ्याचं मूळ जागेवर. तिने माझ्याकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. बसून जमलं की उभं राहून, मग एका पायावर, असा पुढचा क्रम.

तिसरा, टाचा उचलणं. दोन्ही टाचांमध्ये टेनिसचा चेंडू धरायचा आणि तो न सोडता चवड्यांवर चढायचं. चेंडूमुळे टाचा बाहेर पडत नाहीत आणि घोट्यामागचा तो आतला स्नायू कामाला लागतो. वर चढताना जितका वेळ, त्याहून जास्त वेळ उतरताना घ्यायचा. सुरुवातीला आठ-दहा, मग पंधरापर्यंत. चेंडू निसटून कपाटाखाली गेला की तो काढायला उकिडवं बसावं लागायचं, तोही एक व्यायामच.

बाकीचे व्यायाम खेळासारखे होते. चिंचोके पायाच्या बोटांनी उचलून वाटीत टाकायचे. फरशीवर पंचा पसरून बोटांनी गोळा करत जवळ ओढायचा. चार बोटं जमिनीला टेकवून नुसता अंगठा उचलायचा, मग अंगठा टेकवून बाकीची चार. यात आजी आणि नात यांची चुरस लागायची आणि आजी बहुतेक वेळा जिंकायच्या. चवड्यांवर चालणं, टाचांवर चालणं, थोडंसं बाहेरच्या कडेवर चालणं. हे शेवटचं मात्र बेतानेच, त्याची सवय व्हायला नको, असं मॅडमनी बजावलं होतं. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, वरचे दात उजव्या पायावर, खालचे डाव्या. कुशीवर झोपून गुडघे शिंपल्यासारखे उघडण्याचा एक व्यायाम कमरेच्या बाजूच्या स्नायूंसाठी होता, कारण मांडी आत वळली की तिच्याबरोबर घोटाही आत पडतो.

रविवारी सकाळी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर जायचो. वाळूबद्दल एक सांगते, कारण सगळे नुसतं "वाळूत चालवा" म्हणतात. किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने चालत राहिलं तर एक पाऊल सतत वरच्या अंगाला आणि एक खालच्या अंगाला कलतं. जितकं जाल तितकंच परत या, म्हणजे दोन्ही पायांना सारखं. सुरुवात ओल्या, घट्ट वाळूवर करायची. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाऊल रुततं, पोटरीला जोर पडतो, आणि पहिल्याच दिवशी मूल दमून कडेवर घे म्हणतं. लेकीला मागे वळून आपल्याच पावलांचे ठसे बघायची गोडी लागली होती. चवड्यावर पळाल्याचा ठसा वेगळा, टाचेवरचा वेगळा, आणि साधं चालल्याचा भरलेला. "हा माझा" म्हणून तो आता न लाजता दाखवायची.

जिथे कंटाळा आला तिथे खूपच आला. शाळा, गृहपाठ, माझी बँक, यांची ओढाताण सगळ्यांच्याच घरी असते. व्यायामाची वेगळी वेळ काढली की ती आधी बुडायची. म्हणून एकेक व्यायाम दिवसाच्या कुठल्यातरी ठरलेल्या कामाला बांधून टाकला. तोल दात घासण्याला, ताण शाळेतून आल्यावर बूट काढल्या काढल्या, कमान उचलणं रात्रीच्या गोष्टीला. टाचा उचलणं बाबांकडे; ते तिच्याबरोबर करायचे आणि आधी दमायचे, हे तिला फार आवडायचं.

मग गणपती आले. चाकरमानी घरी, अंगणात दहा-बारा पोरं, रात्री भजन-आरत्या. व्यायामाची वही कुठे गेली कुणास ठाऊक. पण त्या दिवसांत मी तिला नीट बघत होते. सकाळपासून शेणाने सारवलेल्या मांडवात अनवाणी. दुपारी चुलतभावंडांबरोबर लंगडी, म्हणजे एका पायाच्या चवड्यावर उड्या आणि लगेच दिशा बदलणं. गौरीच्या रात्री बायकांबरोबर फुगडी: दोघींचे पाय जुळवलेले, अंग मागे झुकलेलं आणि चवड्यांवर गरगर. आणि बसफुगडी! उकिडवं बसून एकेक पाय आळीपाळीने पुढे फेकायचा. जून महिन्यात जी पोरगी उकिडवी बसली की मागे पडत होती, ती मोठ्या बहिणीचे हात धरून बसफुगडी घालत होती. टाचा उचललेल्या होत्या, पण तोल गेला नाही. मी फिजिओ मॅडमना याचा व्हिडिओ दाखवला तर त्या म्हणाल्या, "हे मी लिहून दिलं असतं तर इतकं केलं नसतं तिने." तेव्हापासून त्यांनी कागदावरचे दोन व्यायाम कमी करून तिथे लंगडी आणि दोरीवरच्या उड्या लिहिल्या. उड्या अनवाणी, पण अंगणातल्या मातीवर, फरशीवर नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या खेळांत पावलाचा केवढा व्यायाम आहे हे मला यानिमित्ताने दिसलं, आणि आता शाळांच्या फरसबंद मैदानांवर बूट घालून उभ्या असलेल्या मुलांकडे बघून हळहळ वाटते.

फरक काय पडला ते जसं आहे तसं सांगते. पहिला फरक दुखण्यात. दिवाळीपर्यंत रात्री पाय चेपून मागणं बंद झालं. कधीतरी खूप चालणं झालं तर म्हणते, एरवी नाही. दुसरा, पाऊल आता नडगीकडे काटकोनाच्या पुढे येतं, आणि ती टाचा टेकवून उकिडवी बसते. एका पायावर टाच उचलणं आधी जेमतेम तीन-चार वेळा व्हायचं आणि घोटा लटपटायचा. आता ती सलग बरेच वेळा करते आणि घोटा स्थिर असतो. शाळेच्या क्रीडा दिनाला तिने धावण्यात नाव दिलं. नंबर आला नाही, पण तिचं तिने नाव दिलं.

आणि कमान? व्हिजिटिंग कार्डावरच्या दोन रेघा थोड्या जवळ आल्यात. खाकी कागदावर ओल्या पायाचा ठसा घेतला तर मधला भाग पूर्वीपेक्षा किंचित अरुंद दिसतो, पण बाजूच्या मुलांसारखी खोल खाच नाही. यातलं व्यायामाने किती आणि वाढत्या वयाने किती, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "एका मुलावरून ते वेगळं काढता येत नाही, आणि काढायची गरजही नाही. दुखत नाही, घोटा वाकतो, ताकद आली. माझं काम झालं." मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं. व्यायामाने अमुक आठवड्यांत कमान तयार करून देतो अशी खात्री जे देतात, त्यांच्यापासून आईबापांनी सावध राहावं असं मला कळकळीने वाटतं. कमानीचा आकार पुष्कळसा वयाचा आणि घराण्याचा असतो. आखडलेली पोटरी मोकळी करणं आणि थकणाऱ्या पावलात बळ आणणं मात्र खरंच हातातलं आहे, आणि त्यानेच माझ्या मुलीचं दुखणं गेलं. ज्या मुलाचे पाय सपाट आहेत पण दुखत नाहीत, पोटरी मोकळी आहे, जे दिवसभर हुंदडतंय, त्याला यातलं काहीही सक्तीने करायला लावू नये. त्याला खेळू द्यावं.

सध्या आमच्याकडे दोनच गोष्टी रोज चालू आहेत, पोटरीचा ताण आणि एका पायावर टाच उचलणं. उंची भराभर वाढते तेव्हा हाडं आधी लांब होतात आणि पोटरी मागे राहून पुन्हा आखडते, म्हणून ताण उंची वाढेपर्यंत सोडायचा नाही, असं मॅडमनी सांगितलंय. दर दोन-तीन महिन्यांनी मी तिला भिंतीशी उकिडवं बसवून टाचा टेकतात का ते बघते आणि बुटांच्या टाचा उलट्या करून तपासते. बूट अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवूनच घेते, आणि आखूड झाले की वर्ष संपायची वाट बघत नाही. पुढची तपासणी मे महिन्याच्या सुट्टीत आहे.